बेचाळीस नंबरचा बोल्ट

नवऱ्याची रायफल दुकानात न्यायच्या आधी नेडीन फेटरॉल्फनं तिच्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले. एक नळीच्या पोटाला, एक दस्त्यावर पट्ट्याच्या कडीमागे, आणि एक बोल्टच्या मुठीखाली. ठिपका मोहरीएवढा, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसायचा नाही. बाटली बहिणीनं कधीतरी नाताळात दिलेली होती आणि आजवर नेडीनच्या नखांना तिचा वास लागला नव्हता. निदान आज कामी आली.

लॉरेल फोर्कमध्ये डेलमार क्लाइनफेल्टरच्या बंदुकांच्या दुकानाबद्दल कुणी वावगं बोलत नसे, आणि नेडीनला नेमकं तेच खटकायचं. ज्या माणसाबद्दल गावात एकही वाईट शब्द नाही, तो एक तर मेलेला असतो नाही तर भारी हुशार असतो, असं तिचं मत होतं. डेलमार जिवंत होता. जुन्या रायफलींचा चांगला भाग काढून घेतात आणि तिथे भलताच बसवून देतात, असं तिनं चर्चमध्ये ऐकलं होतं. कोण करतं हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं, पण पेनसिल्वेनियाच्या या डोंगरात बंदुकांची दुकानं अशी कितीशी आहेत?

विकण्याचं कारण पैसा नव्हतं. नवरा, व्हर्लिन, एप्रिलमध्ये गेला, पेन्शन येत होती, घर स्वतःचं होतं. पण त्याचे कोट काढायला कपाट उघडलं की कोपऱ्यात ती रायफल दिसायची, आणि ती दिसली की एकच प्रश्न समोर येऊन उभा राहायचा. व्हर्लिननं ते केलं होतं का? तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं, गेलननं, हरणाच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी शिकारीच्या कँपमधल्या सगळ्यांसमोर आरोप केला होता, की व्हर्लिननं माझी रायफल मुद्दाम बिघडवली. त्या रात्री व्हर्लिन घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, ‘मी नाही केलं.’ नेडीन म्हणाली, ‘बरं.’ त्या ‘बरं’मध्ये विश्वास किती आणि नुसती हवा किती, हे दोघांनाही कळलं. मग विषय पुन्हा निघाला नाही. व्हर्लिननं रायफल कपाटात ठेवली ती कायमची. दुसऱ्या रायफलीनं शिकार केली, हिला कधी हात लावला नाही. मन स्वच्छ असलेला माणूस आपल्या आवडत्या रायफलीला असा टाळेल का? नेडीननं हा प्रश्न मनातल्या मनात किती वेळा चघळला असेल, देव जाणे. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. जिवंत होता तेव्हा तिनं विचारलं नाही. मग निदान ती वस्तू तरी डोळ्यांसमोरून जावी, एवढीच तिची इच्छा होती.

डेलमारनं ब्लँकेट उलगडलं आणि हातातलं सँडविच बाजूला ठेवलं.

“ग्रोनिंगर! आणि तीही गावातली! नेडीन, ही तुझ्या कपाटात होती? इतकी वर्षं?”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“लोकांच्या बायकांना ‘कपाटात काय आहे’ विचारत फिरलो तर जोड्यानं मार खाईन मी.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “व्हर्लिनचाच शर्ट ना अंगात?”

“थंडी आहे,” नेडीन म्हणाली. एप्रिलपासून ती व्हर्लिनचेच फ्लॅनेलचे शर्ट घालत होती, जूनमध्येसुद्धा. त्यावर तिला चर्चा नको होती.

ग्रोनिंगरचा कारखाना ओढ्याकाठी होता, बंद पडून जमाना झाला. बंद पडायच्या बऱ्याच आधी, कंपनीच्या पंचविसाव्या वर्षी, मालकानं ऐंशीच रायफली अशा काढल्या की ज्या बाहेरच्या दुकानांत गेल्याच नाहीत. फक्त गावातल्या माणसांना, कारखान्याच्या फाटकावर, रांगेत उभं राहून. पोटाखालच्या पत्र्यावर हेमलॉकची डहाळी कोरलेली. तेव्हा लोक म्हणाले, पत्र्यावर झाड कशाला, हरिण काय वाचणार आहे? आता त्याच डहाळीसाठी टेक्सासहून फोन येत.

डेलमारनं आधी ती डहाळीच पाहिली, अंगठा फिरवून. “खरी आहे. खोट्या फिरतात हल्ली. खोटीत पानं जास्त असतात, कोरणाऱ्याला वाटतं जास्त पानं म्हणजे जास्त भाव.” मग नळीवरची अक्षरं. “इथे बोट लाव. कडा लागतात ना बोटाला? कुणी हौशी माणसानं घासून पुन्हा काळी केली असती, तर ही अक्षरं चघळलेल्या गोळीसारखी झाली असती. लोकांना वाटतं चकचकीत केली की भाव वाढतो. अरे बाबा, तिचं जुनेपण तेवढंच तर विकायला असतं!”

“मला कशाला ओरडतोस? मी घासली नाही.”

“तुला नाही, जगाला ओरडतोय. स्क्रू बघ, एकाचीही खाच फाटलेली नाही. दुर्बिणीसाठी वर भोकं पाडलेली नाहीत. भोकं पाडणाऱ्यांसाठी नरकात वेगळी खोली असणार. दस्ता मूळ लांबीचा, त्याच्या टोकाचं रबर मूळचं. आपली उंची कमी म्हणून हे लोक करवतीनं दस्ता कापतात आणि मग इथे येऊन विचारतात, किती देशील?”

“मी पण तेच विचारतेय. किती देशील?”

“थांब जरा. मागच्या खोलीत दिवा चांगला आहे.”

“मीही येते.”

“मागे एका माणसाची जागा आहे नेडीन, आणि तो एक मीच जेमतेम मावतो.” पोटावर हात मारून तो रायफल घेऊन आत गेला.

नेडीनच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर भरपूर ऊन होतं, त्या उन्हात जे दिसत नाही असं मागच्या दिव्यात काय दिसणार? आतून धातूचा आवाज आला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि तिला ते सर्वांत वाईट वाटलं.

डेलमार बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. एका हातात रायफल, दुसऱ्यात बोल्ट. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतली पोलादी कडी. मागे ओढायची, काडतूस आत सरकवायचं, पुढे ढकलून मूठ खाली पाडायची, की दार बंद.

“हा बोल्ट हिचा नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे काय?”

“ग्रोनिंगरकडे प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीत हातानं घासून बसवायचे. तुझा नवराच ते काम करायचा, तुला काय सांगू. बसला की दोन्हीवर एकच नंबर ठोकायचा. इथे बघ, रायफलीवर एक्केचाळीस. आणि बोल्टवर बेचाळीस.” त्यानं भिंग पुढे केलं. तिनं पाहिलं. तसंच होतं. “नंबर जुळत असते तर चांगल्या चालत्या ट्रकची किंमत आली असती. अशी विकलीस तर त्या ट्रकची चाकं येतील. जाणतं गिऱ्हाईक हातसुद्धा लावणार नाही.”

नेडीननं भिंग खाली ठेवलं. “आणि तू आत न्यायच्या आधी बोल्टवर कोणता नंबर होता?”

“नेडीन.”

“विचारतेय नुसतं.”

“शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी.”

“म्हणूनच विचारतेय. माझ्या डब्यातलं सँडविच कोण खायचं?”

डेलमार लाल झाला. आधी रागानं आणि मग, सँडविच खरोखर खाल्लेलं असल्यामुळे, थोडा शरमेनं. “हवं तर इथे ठेवून जा. दुसरा बोल्ट कुठे आहे त्याची मी चौकशी करतो.”

“हो, आणि घराच्या किल्ल्याही ठेवून जाते,” असं म्हणून तिनं रायफल ब्लँकेटमध्ये गुंडाळली.

ट्रकमध्ये बसून तिनं दार आतून लावून घेतलं आणि बोल्टची मूठ उलटी केली. मुठीखाली लाल ठिपका होता. मोहरीएवढा, तिनं दिला होता तिथेच. म्हणजे घरून निघाला तोच हा बोल्ट, आणि डेलमारनं काही केलं नव्हतं. तिला थोडं वाईट वाटलं, पण माफी मागायला परत जाण्याइतकं नाही.

मग कुणी केलं? तिला फार विचार करावा लागला नाही. फाटकावरच्या रांगेत ती स्वतः उभी होती, व्हर्लिनच्या कोपराला धरून. व्हर्लिनला एक्केचाळीस मिळाली आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या गेलनला बेचाळीस. ‘बघा, इथेही मी याच्या मागेच,’ गेलन म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. आणि एप्रिलमध्ये, अंत्यविधीच्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती झोपायच्या खोलीत रुमाल घ्यायला गेली तर गेलन तिथे उभा होता. कपाटाचं दार उघडं, आणि त्याचा एक हात आत. तिला पाहून त्यानं हात काढला आणि निघून गेला.

आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. त्याचा बोल्ट बिघडलेला होता, हे तर तोच जगाला सांगत आला होता. भाऊ मातीत जातोय आणि हा त्याच्या कपाटातून चांगला बोल्ट काढून आपला मोडका घालून ठेवतोय! नेडीननं ट्रक डोंगराच्या रस्त्याला लावला. खरं सांगायचं तर तिला राग आला होता त्याहून हलकं जास्त वाटत होतं. गेलन चोर निघाला, तर कदाचित तो खोटारडाही असेल. आणि तो खोटारडा असेल, तर व्हर्लिन सुटला.

रस्त्यात कँपकडे जाणारी वाट लागली. डोंगरातलं लाकडी खोपटं ते, फेटरॉल्फांचं आणि त्यांच्या दोस्तांचं. नेडीन तिथे फक्त उन्हाळ्यात झाडायला जायची, पण तिथले रिवाज तिला पाठ होते. बोल्ट लावलेली रायफल आत आणायची नाही. दारातच बोल्ट काढायचा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि डबा शेल्फवर ठेवायचा, म्हणजे रात्री दारूच्या भरात कुणी कुणाला मारत नाही. दुसरा रिवाज शर्टाचा. नेम चुकला आणि हरिण निसटलं, की त्या रात्री बाकीच्यांनी धरून त्या माणसाच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापायची, वर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायची. वर पुढच्या वर्षी पहाटे सगळ्यांची चाकरीही त्यानंच करायची. भिंतभर चिंध्या होत्या. व्हर्लिनच्याही होत्या त्यात, तो स्वतःच दाखवायचा.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात गेलनसमोर आयुष्यात एकदा दिसतो तसा हरणाचा नर उभा राहिला. झाडाच्या फांदीसारखी शिंगं. गेलननं चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं. गोळी सुटली नाही. नरानं त्याच्याकडे पाहिलं आणि चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही. रात्री लोक कात्री घेऊन आले, तेव्हा गेलन बाकावर चढून ओरडला, ‘गोळी सुटलीच नाही तर चुकली कशी?’ खिशातून ते काडतूस काढून त्यानं दाखवलं. मागे बोल्टमधली पिन आदळल्याची खूण होती, पण इतकी पुसट की नखानं उमटवावी तशी. ‘माझ्या बोल्टशी कुणीतरी खेळलंय. आणि ते काम इथे एकालाच येतं.’ सगळ्यांनी व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन कारखान्यात बोल्ट बसवायचा. आणि व्हर्लिन हा खोड्यांचा राजा होता. लोकांच्या बाह्या शिवून ठेवणं, बुटांत लापशी ओतणं, हे त्याचे उद्योग गावभर माहीत होते. त्यामुळे ‘मी नाही केलं’ हे त्याचं वाक्य ऐकून दोघंतिघं हसले. गेलन शर्ट कापू न देता निघून गेला आणि पुन्हा कँपला आला नाही.

गेलनच्या घरी दारातच कुत्रं भुंकलं, आणि त्याच्यामागून गेलन.

“काय हवंय?”

“तुझी रायफल बघायचीय.”

“एक फेटरॉल्फ गेला, आता दुसरी सुरू झाली का?”

“आत घेतोस की इथेच बोलू? शेजाऱ्यांना आवडेल.”

शेजारी जवळपास कुणी नव्हतं, पण गेलन बाजूला सरकला. स्वयंपाकघरात टेबलावर बिटाच्या पाण्यात मुरवलेल्या लाल अंड्यांची बरणी होती, बायको केव्हाच सोडून गेलेल्या माणसाचं जेवण. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, मीठमिरीच्या बाटल्यांच्या शेजारी, ते काडतूस उभं होतं. नेडीननं ते आजवर पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी कॉफी पिताना त्याच्याकडे बघत होता.

तिनं ब्लँकेट उलगडून रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट काढला आणि नंबर वर करून त्याच्यासमोर धरला. “हा तुझा. माझा कुठे आहे?”

गेलननं चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. “हा तुझ्याकडे कसा?”

“ते तू सांग. अंत्यविधीच्या दिवशी आमच्या कपाटात हात घालून काय करत होतास?”

गेलनचा चेहरा पडला. बरणीकडे बघत तो म्हणाला, “त्याचा कोट होता तिथे. शिकारीचा. त्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास येतो का, ते बघत होतो. झालं समाधान?”

नेडीनला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं त्यावर विश्वासही ठेवला नाही, निदान ठेवायचा नाही असं ठरवलं. “तुझी रायफल आण.”

तो पलंगाखालून एक लांबट गाठोडं ओढून घेऊन आला. वरची धूळ झटकली तशी दोघांनाही शिंका आल्या. “त्या दिवसापासून कुणाला हात लावू दिलेला नाही. जशी होती तशी ठेवलीय. पुरावा आहे तो.” जुन्या तेलानं चिकटलेला बोल्ट त्यानं जोर लावून ओढला, चष्म्यासमोर धरला, आणि त्याचे ओठ हलले.

“मोठ्यानं वाच,” नेडीन म्हणाली.

“एक्केचाळीस.”

बोल्ट त्या दिवसापासून तिथेच होता. म्हणजे एप्रिलमध्ये कुणी काही चोरलं नव्हतं. आणि मग गेलनच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते नेडीननं ओळखलं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

“बदलला,” गेलन सावकाश म्हणाला. “बोल्टच बदलला लेकानं. आणि मी येडा तीस वर्षं डोकं फोडतोय की यानं पिन घासली कशी, घासल्याची खूण तर कुठे नाही! घासलीच नव्हती. आख्खा बोल्ट बदलला. दुसऱ्याचा बोल्ट बसला तर नीट बसणार नाही, पिन पुरती लागणार नाही, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार होतं? सांग ना! कुणाला?”

नेडीननं दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी ठेवले. इतकी वर्षं जे संशय म्हणून छातीत ठेवलं होतं, ते आता दोन नंबर होऊन टेबलावर पडलं होतं. तिला त्या क्षणी व्हर्लिनची भयंकर चीड आली, आणि लगेच त्याची इतकी आठवण आली की तिनं शर्टाची बाही मुठीत धरली. बूट काढत बसलेला तिला तो दिसला. मोजे ओले, नाक लाल. त्यानं त्या रात्री ‘मी नाही केलं’ म्हणायच्या आधी आणखी काहीतरी म्हटलं होतं. काहीतरी साधं, जे तिनं तेव्हा कानाआड केलं होतं.

“बोल्ट जड जात होता,” ती म्हणाली.

“काय?”

“घरी आला तेव्हा म्हणाला, ‘आज माझा बोल्ट जड जात होता, थंडीनं असेल.’ मग बूट काढले.”

“नाटक.”

“कुणासमोर? माझ्यासमोर? मी तर भांडणाचं अजून ऐकलंही नव्हतं! ज्यानं स्वतः बदलला त्याला जड का जातो हे माहीत नसणार? तो थंडीला कशाला बोल लावेल?”

गेलननं मान हलवली, पण मघासारखी जोरात नाही.

“मला ती सकाळ सांग,” नेडीन म्हणाली. “पहिल्यापासून. डबा कुठे होता?”

“शेल्फवर, जिथे असतो तिथे. रात्री सगळ्यांनी ज्याचा त्याचा बोल्ट टाकला.”

“रात्री कुणी उठलं?”

“त्या खोपट्यात? उंदीर उठला तरी फळ्या बोंबलतात. सगळ्यांत आधी उठलो तो मी.” जुना राग पुन्हा अंगात आला तसा तो खोलीत फेऱ्या घालायला लागला. “उठायलाच लागणार ना! आदल्या वर्षी माझा शर्ट कापलेला. कुणी कापला? व्हर्लिननं! वर्षभर मला चिडवलं, ‘गेलनपुढे गोठ्याचं दार उभं करा, तेही निसटेल.’ मग चूल माझ्या गळ्यात, कॉफी माझ्या गळ्यात, डुकराच्या मांसाचं स्क्रॅपल तळणं माझ्या गळ्यात. बाहेर काळोख. कंदिलाची काच काजळीनं भरलेली, मी आपला चाचपडतोय. हा पांघरुणातून ओरडतोय, ‘ए चाकर, स्क्रॅपल जाळू नकोस!’ सगळ्यांना कॉफी दिली. सगळ्यांना स्क्रॅपल दिलं. मग दारात उभा राहिलो, डबा घेतला, आणि एकेकाला ज्याचा त्याचा बोल्ट…”

तो थांबला. हात पुढे आलेला होता, देताना येतो तसा, तळवा वर. तो तसाच राहिला.

कुत्रं टेबलाखालून उठून गेलनच्या पायाशी येऊन बसलं.

“बाकीच्यांचे वेगळे होते,” गेलन म्हणाला. “बोटांना कळायचे. आमचे दोनच सारखे.” मग म्हणाला, “मी बघितलं नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो. दात काढत होता तो.” आणि मग खुर्चीत बसला.

नेडीननं एक्केचाळीसचा बोल्ट उचलला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि व्हर्लिनच्या रायफलीत सरकवला. जोर लावावा लागला नाही. मूठ खाली पडली आणि दार लागलं, घरचं दार लागतं तसं, हलक्या आवाजात. व्हर्लिनच्या हातचं काम होतं ते. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. गेलननं आपल्या रायफलीत बेचाळीस घातला. तोही तसाच बसला. त्यानं तो उघडला, लावला, पुन्हा उघडला, पुन्हा लावला, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा अधिकच म्हातारा होत गेला.

“एकदा नुसता नंबर बघायचा होता,” तो म्हणाला. “कँपच्या दारात, उजेडात. त्यानं तरी बघायचा! त्याला तर एका मिनिटात कळलं असतं.”

“त्यानं ती पुन्हा हातातच घेतली नाही, गेलन.”

“का?”

“तू तुझी का नाही घेतलीस?”

गेलन उठला, खिडकीपाशी गेला, काडतूस उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून पुन्हा तिथेच ठेवलं. मग पाठ फिरवून उभा राहिला आणि विजारीतून शर्ट बाहेर ओढला.

“ड्रॉवरमध्ये कात्री आहे.”

“गेलन, अरे…”

“आपला आपण कापायचा नसतो. तुला माहितीय. त्या रात्री कापू दिला नव्हता मी.”

कात्री बोथट होती. नेडीननं दोनदा पकड बदलली, तेव्हा कुठे तुकडा हातात आला. राखाडी कापड, धुऊन धुऊन पातळ झालेलं. गेलननं तो टेबलावर पसरला, तळव्यानं सारखा केला आणि पेन शोधून नाव घातलं. सालापाशी थोडा अडला, मग त्याच जुन्या वर्षाचा आकडा घातला.

“सोमवारी हंगाम सुरू होतोय,” तो म्हणाला. “भिंतीवर जागा असेल का?”

“व्हर्लिनच्या खाली आहे. मी झाडायला जाते ना.” नेडीननं डोळे पुसले. “मीही येईन. माझाही एक शर्ट आणते घरून.”

“तुझा? तुझं काय चुकलं?”

“मलाही वाटत होतं त्यानंच केलं. एकाच बिछान्यात झोपून तीस वर्षं वाटत होतं. तू निदान तोंडावर बोललास.”

कात्री अजून तिच्या हातात होती. गेलननं तिच्या अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं, मोठ्या मापाच्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या शेपटीकडे, आणि कात्रीसाठी हात पुढे केला.

नेडीननं कात्री मागे घेतली. “हा नाही,” ती म्हणाली. “हा त्याचा आहे.”